यादीत नाव नसलेल्या भाचीस

लातूर,
ऑगस्टअखेर, २०२५

चि. सोनू हिस,


यादी लागली आणि तुझं नाव कुठल्याच सरकारी मेडिकल कॉलेजपुढे नाही, हे ताईने फोनवर सांगितलं. तू नीट जेवत नाहीस, खोलीबाहेर येत नाहीस, मैत्रिणींचे फोन घेत नाहीस, हेही सांगितलं. ‘जाऊ दे, होतं असं’ असं मी तुला म्हणणार नाही. दोन वर्षं तू ना दिवाळी पाहिलीस ना कुणाचं लग्न. त्याचं दुःख व्हायलाच हवं. रडू येईल तेव्हा रड, आणि ‘किती दिवस रडणार’ असं विचारणाऱ्याला माझ्याकडे पाठव.

पण नीट परीक्षेतल्या रँकवरून तू स्वतःची किंमत ठरवते आहेस, ते मला मान्य नाही. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना दरवर्षी हे निकाल माझ्या हाताखालून जातात, म्हणून आकड्यांतच बोलते. साडेसहाशे गुण घे. २०२३ साली तेवढ्या गुणांना सात हजारांच्या आसपास रँक आली. २०२४ साली त्याच गुणांची रँक तीस हजारांच्या घरात गेली. आणि यंदा साडेसहाशेच्या वर देशभरात फक्त ७३ मुलं आहेत. गेल्या वर्षी पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० घेणारे ६७ होते, फेरनिकालानंतरही १७ उरले. यंदा देशात पहिल्या आलेल्याला ६८६ आहेत. तीन वर्षांत मुलांची बुद्धी एवढी वरखाली झाली का? पेपर बदलला. गेल्या वर्षापर्यंत २०० प्रश्नांतले १८० निवडायची मुभा होती आणि वेळ २०० मिनिटं. यंदा १८० प्रश्न, १८० मिनिटं, निवड नाही, आणि वर फिजिक्स असं की शिकवणारेही बुचकळ्यात पडले. तुझी सगळी टेस्ट सिरीज मात्र जुन्या कटऑफच्या हिशेबाने चाललेली. ‘माझे गुण एवढे कसे पडले’ हा प्रश्न तू रात्री छताकडे बघत स्वतःला विचारतेस, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे.

जागांचंही गणित बघ. यंदा परीक्षेला २२ लाखांवर मुलं बसली, १२ लाखांवर पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या वर, त्यांतल्या सरकारी जवळपास निम्म्या. म्हणजे पात्र ठरलेल्या वीस जणांमागे सरकारी जागा साधारण एक. आपल्या राज्यातल्या सरकारी जागांपैकी ८५ टक्के राज्याच्या मुलांना मिळतात, तरीही कटऑफच्या रेघेच्या अगदी खाली हजारो मुलं राहतात, आणि ती हुशारच असतात.

तुला जास्त लागलं, कारण तुला आजवर कुणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. दहावीला चौकातल्या फ्लेक्सवर तुझा फोटो होता. त्या फोटोने तुझ्यावर एक ओझं टाकलं, आणि ते टाकण्यात आम्ही सगळेच होतो. आता ‘सोनूचं काय झालं’ असं जो तो विचारणार. त्यांना उत्तरं देणं तुझं काम नाही, ते मी आणि ताई बघून घेऊ.

वर्षभराचा ड्रॉप घेऊन पुन्हा परीक्षा द्यायची का, यावर मात्र शांतपणे बोलू. नीट किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही, वयाची वरची अटही आता नाही. त्यामुळे हे दार या वर्षीच बंद होतं आहे असं समजून घाईने काही ठरवू नकोस. लातुरात रिपीटर मुलं मी ढिगाने बघते. ज्याला खरंच डॉक्टरकीचं काम हवं असतं तो दुसरं वर्ष निभावतो. चारचौघांत गेलेली पत परत मिळवायला आलेलं पोर डिसेंबरपर्यंत कोमेजतं. तू यांतली कोण, हे मला इथून कळणार नाही. म्हणून एक कर. ओळखीच्या डॉक्टरांना विचारून दोन दिवस जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत जाऊन बस. ती गर्दी, तो वास, तेच तेच प्रश्न, संध्याकाळी दमलेले ते इंटर्न. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, पुढे एमडीची आणखी तीन. हे बघून आल्यावरही ओढ वाटली, तर ये लातूरला, माझ्याकडे राहा.

नाही वाटली, तर त्याच नीटच्या गुणांवर फिजिओथेरपी आहे, ऑक्युपेशनल थेरपी आहे, बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा उपचारांचा कोर्स आहे. हा शेवटचा कोर्स कुणी गंभीरपणे घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याला बोलतं करणं याहून मोठं काम कोणतं? आयुर्वेदाला जायचं तर मनापासून जा, समजूत म्हणून जाऊ नकोस. भाऊजींच्या मनात शेत विकून प्रायव्हेट कॉलेजची फी भरायचं आहे. माझा त्याला विरोध आहे आणि तसं मी त्यांना सांगितलंही आहे. एवढं ओझं डोक्यावर घेऊन तुला पहिल्या वर्षाचं शरीरशास्त्रही सुचणार नाही.

आणि एक स्पष्ट विचारते, तूही स्पष्ट सांग. जगूच नये, असं मनात येतं का? येत असेल तर त्याच क्षणी ताईला उठव, मला फोन कर, मध्यरात्र असली तरी. घरच्यांशी बोलवत नसेल तर १४४१६ लाव. तो टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

प्रवेशाच्या पुढच्या फेरीत कटऑफ थोडा खाली येतो, पण त्यावर सगळं टांगून बसू नकोस. कॉलेजांचा प्राधान्यक्रम तू स्वतः भर. क्लासच्या सरांना, भाऊजींना, मलाही भरू देऊ नकोस. जिथे जायचंच नाही, त्या कॉलेजचं नाव कुणाच्या आग्रहाखातर टाकू नकोस.

तुझी,
मावशी