गाडीचं वजन

माणसाला आपलं वय कळायला आरसा लागतो म्हणतात. मला विचाराल तर बुलेटचा डबल स्टँड पुरतो.

माझी गाडी १९८६ सालची. १९५५ साली मद्रासला ज्या बुलेटची जुळणी सुरू झाली, तिच्याच घराण्यातली. बिडाचं इंजिन, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, वजन १६५ किलोच्या आसपास. एवढ्या वर्षांत तिचं वजन छटाकभरही वाढलेलं नाही, असं मी मनाला बजावत असतो. मग दर पावसाळ्यानंतर ती जड का लागते, ते विचारू नका. मी आता ६७ वर्षांचा आहे.

लोकांना वाटतं, उतारवयात जड गाडी चालवणं कठीण. चालवणं कठीण नाहीच हो. वेग वीस-पंचवीसच्या पुढं गेला की गाडी आपला तोल आपणच धरते. आपण फक्त बसायचं आणि वळणाकडं बघायचं. वय कळतं ते गाडी उभी असताना. फाटकातून मागं ढकलत काढताना, खडीवर पाय टेकताना, उताराकडं तोंड करून लावलेली गाडी परत वर ओढताना. म्हणून हल्ली मार्केटात गेलो की मी आधी जमिनीचा उतार बघतो, मग भाजी.

तरुणपणी डबल स्टँडवर गाडी चढवायचो ती दंडाच्या जोरावर. चारजण बघत असले तर जास्तच. आता कळतं की ते काम दंडाचं नव्हतंच. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला सारखे टेकवायचे आणि उजव्या पायावर सगळं अंग तोलून उभं राहायचं. हात नुसते दिशा दाखवायला. गाडी आपोआप मागं सरकत वर चढते. किकचंही तेच. डीकॉम्प्रेसरची दांडी ओढून किक हळूहळू दाबायची, अँमीटरचा काटा मधोमध आला की दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच लांब झोक. रागारागानं मारलेली किक उलटते आणि नडगीचा हिशोब चुकता करते. गाडी आडवी झाली तरी वाकून हँडलला झोंबायचं नाही. तिच्याकडं पाठ करायची, सीटला कंबर टेकायची आणि पायांच्या बळावर मागं मागं चालत ती उभी करायची. पाठीच्या मणक्याला यातलं काहीच कळता कामा नये.

मुलानं नवी बुलेट घेतली. १९५ किलो, पण बटण दाबलं की सुरू. "बाबा, तुमची देऊन टाका, हीच चालवा," म्हणाला. मी ती अंगणात दोन फेऱ्या फिरवली आणि किल्ली परत दिली. नव्या गाडीचा गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या. रिकाम्या रस्त्यावर ते जमेलही. पण समोर अचानक म्हैस आली की डोकं विचार करत नाही, पाय करतो. माझा डावा पाय तिथं ब्रेक शोधत बसणार. साठच्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी आठ मीटरच्या वर पुढं जाते. तेवढ्यात म्हशीचं आणि आपलं दोघांचंही भविष्य ठरतं.

पंचावन्नच्या पुढं लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं, सोबत डॉक्टरांचा दाखला. डॉक्टर डोळे तपासतात, ते बरंच आहे. पण मान वळवून मागचा ट्रक दिसतो का, हे कोणी विचारत नाही, आणि त्या फॉर्मात डबल स्टँडचा रकाना नाही. तो मी माझ्यापुरता घातला आहे. एकट्यानं गाडी चढली नाही, की त्या दिवशी किल्ली मुलाकडं. आमचा मेस्त्री कन्नड. त्याला हे सांगितलं तर हसला आणि म्हणाला, "सावकाश होगरी, काका." सावकाश हा शब्द आमच्याकडं दोन्ही भाषांत एकच, त्यामुळं ऐकलं नाही म्हणायला सोय नाही.

राहता राहिली आमची ही. लग्नापासून माझ्यामागं एका अंगाला पाय सोडून बसत आली. चालत्या गाडीवर त्याचं काही वाटत नाही. पण चढावर ट्रकमागं थांबायची वेळ आली, की तिचा सगळा भार डावीकडं येतो आणि तो माझ्या डाव्या गुडघ्यानं पेलायचा असतो. गेल्या वर्षी चोर्ल्याच्या घाटात, पावसानं ओल्या झालेल्या वळणावर, तो गुडघा एकदा थरथरला. गाडी पडली नाही. मी काही बोललो नाही. मागून तीही काही बोलली नाही. फक्त खांद्यावरचा तिचा हात घट्ट झाला.

यंदा भाऊबीजेला साखळीला तिच्या भावाकडं जायचं आहे. जांबोटी, कणकुंबी, मग घाट. कसं जायचं हे मी आठवडाभर काढलंच नाही. परवा चहा पुढं ठेवत तीच म्हणाली, "मी बसनं जाते. तुम्ही गाडी घेऊन या. ऊन वर आल्यावर निघा, आणि कणकुंबीला थांबून चहा घ्या."

"आणि गावातल्या गावात?" मी विचारलं.

"गावात बसीन की," ती म्हणाली, "कपिलेश्वरापर्यंत."