मागचं चाक पुढे

गाडीची थरथर जिथे जाणवते तिथेच तिचं मूळ असणार, असं धरून चालणारी माणसं मी फार पाहिली. स्टेअरिंग हलतं म्हणून स्टेअरिंगचे सुटे भाग बदलतात, सीटखाली गुरगुर येते म्हणून शॉकअप बदलतात, आणि गाडी पुन्हा वर्धा रोडला लागली की थरथर तशीच. माझं म्हणणं असं की पैसे काढण्याआधी पुढचं चाक मागे न्यावं, मागचं पुढे आणावं आणि त्याच रस्त्याने, त्याच वेगाने एक चक्कर मारून यावी. थरथर चाकाबरोबर गेली तर दोष चाकात. जागच्या जागी राहिली तर चाकाला सोडून द्यावं आणि हब, बेअरिंग, ब्रेककडे वळावं. ही समज मला नागपूरच्या महाल भागातल्या चाकांनी दिली, आणि द्यायला बरीच वर्षं घेतली.

पहिलं चाक लाकडाचं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात सकाळी मारबतींच्या मिरवणुका निघतात आणि संध्याकाळ मुलांची असते. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी लेकरांसाठी हा तान्हा पोळा सुरू केला, असं महालात सांगतात. चार चाकांच्या पाटावर उभा असलेला लाकडी नंदी सजवायचा, दोरीने ओढत घरोघर न्यायचा आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. आमचा नंदी केळीबाग रोडवर आला की मागून उचकायचा. दोन पावलं नीट, तिसऱ्याला उचकी. मी दोरी लांब केली, आखूड केली, हळू ओढून पाहिलं.

बाबांनी नंदी उलटा केला. मागचं उजवं चाक बोटाने फिरवलं आणि हात पाटावर टेकवून पेन्सिलीचं टोक चाकाच्या काठाला लागेल न लागेल असं धरलं. चाक फिरलं तशी रेघ उमटली, पण चाकाच्या एका बाजूलाच. उरलेला काठ कोरा. "चाक गोलच आहे," बाबा म्हणाले, "भोक मधोमध नाही." सुताराने ते भोक खुंटीने बुजवलं आणि सूतभर सरकवून नवं पाडलं. डोळ्यांनी पाहिलं असतं तर कुणालाच काही दिसलं नसतं. पेन्सिलीला दिसलं. तिला वापरायची ती रीत माझ्या हाताला तेव्हापासून लागली.

पुढे सायकल आली, आणि चाकाचा दुसरा दोष कळला. गोल असलेलं चाक सरळ असतंच असं नाही. शाळेत जाताना पुढचं चाक एका ब्रेकच्या रबराला दर फेरीत घासायचं. बडकस चौकाजवळच्या एका गल्लीत दुकान टाकून बसलेले मिस्त्रीकाका होते. मी टायर दाखवू लागलो तर म्हणाले, "टायर नको पाहू बापू, रिम पाय. रबरापासून कुठी जवळ येऊन राहिली अन् कुठी दूर जाऊन राहिली, ते पाय." तेव्हाच्या साध्या सायकलींना पुढे 32 तारा असायच्या, मागे 40. रिम डावीकडे कलली असेल तर त्या जागेच्या उजव्या बाजूच्या तारा कसायच्या आणि डाव्या बाजूच्या तेवढ्याच ढिल्या करायच्या. तेही पाव-पाव आट्याने. एकच तार जोरात कसली तर चाक तिथे सरळ होतं आणि पलीकडे वाकतं. काकांचा आउट काढण्याचा वेग पाहण्यासारखा होता: डाव्या हाताने चाक फिरतं, उजव्या हाताचा अंगठा काट्यावर टेकलेला, नख रिमच्या जवळ. नखाला रिम लागली की चाक थांबलं, चावी लागली, चाक सुटलं. शेवटी काका तारा दोन-दोन करून चिमटीत दाबत जात, सगळ्यांचा ताण सारखा आहे ना हे पाहायला. चाकाचं दुखणं बोटांनी तपासायचं असतं हे मी त्यांच्या दुकानासमोर उभं राहून शिकलो.

हवेच्या टायरचा जन्मसुद्धा एका मुलाच्या चाकांसाठीच झाला. बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर हादरते म्हणून रबरी नळीत हवा भरून ती चाकांना गुंडाळली, आणि 1888 मध्ये पेटंट घेतलं. त्याआधी 1845 मध्ये रॉबर्ट थॉम्सनने अशाच चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा ते चाललं नाही. गुरांच्या डॉक्टरने लेकराची गाडी मऊ चालावी म्हणून हे केलं, याचं मला तान्ह्या पोळ्याच्या गावचा माणूस म्हणून फार अप्रूप आहे.

बाबांच्या बजाज स्कूटरवर चाकांची अदलाबदल पहिल्यांदा हातात आली. तिन्ही चाकं एकाच मापाची, दहा इंची. मागचं चाक इंजिन आणि माणसांचं ओझं ओढतं म्हणून लवकर झिजतं. ते पुढे, पुढचं स्टेपनीत, स्टेपनी मागे, असा फेरा बाबा ठरवून घालत. टायरचा गोटा व्हायची वाट पाहत नसत. मागचं चाक पुढे आलं की हँडल काही दिवस वेगळं बोले, आणि तो फरक ते मला हँडल धरायला लावून दाखवत.

घरात मारुती 800 आली तेव्हा तिसरा दोष भेटला, आणि तो सगळ्यांत फसवा निघाला. चाक गोल आहे, सरळ आहे, तरी थरथरतं. महालाच्या गल्ल्यांत गाडी वीस-पंचवीसच्या पुढे जात नाही, तिथे काहीच कळत नसे. शहर सुटलं, काटा ऐंशीला आला की स्टेअरिंग हातात नाचू लागे, आणि शंभरच्या जवळ गेलं की पुन्हा शांत. वेगाबरोबर वाढत जाणारी थरथर समजते. वाढून कमी होणारी माणसाला घाबरवते. कारण असं की चाकाच्या एका बाजूला थोडं वजन जास्त असलं तर दर फेरीला एक हिसका बसतो. त्या हिसक्यांची गती गाडीच्या पुढच्या भागाच्या आपल्या झुलण्याच्या गतीशी जुळली की झोका मोठा होतो. वेग पुढे गेला की ताल सुटतो. हिसका मात्र थांबलेला नसतो, बेअरिंगला तो बसतच राहतो.

आणि हे वजन तरी किती? रिमच्या कडेला नुसते 30 ग्रॅम. त्या बारा इंची चाकाचा हिशेब मी वहीत मांडला होता. ताशी 90 किलोमीटरला चाक सेकंदाला पंधरा-सोळा फेरे घेतं, आणि ते 30 ग्रॅम साडेचार किलोच्या आसपास जोराने चाकाला बाहेर ओढतात. सेकंदात पंधरा-सोळा वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेला. वेग निम्मा केला की हा जोर पावपट होतो. म्हणून केळीबाग रोडवर ते चाक साधुसंत आणि वर्धा रोडवर भूत. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक चढवलं की कोणत्या बाजूला किती ग्रॅम हवेत ते आकड्यात दिसतं, कारागीर तेवढ्या वजनाचा शिसाचा तुकडा रिमला ठोकतो, आणि काटा शून्यावर येतो. इतक्याशा तुकड्याने थांबणाऱ्या थरथरीसाठी लोक स्टेअरिंग बॉक्स उघडतात, याचं मला आजही वाईट वाटतं.

चाकांची अदलाबदल मी घरीच करतो, वाड्याच्या अंगणात, गाडीत मिळणारा एकच जॅक आणि स्टेपनी घेऊन. उरलेल्या चाकांना विटा लावायच्या, हँडब्रेक ओढायचा, आणि नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे. पुढची बाजू उचलून पुढच्या चाकाच्या जागी स्टेपनी लावायची. मागची बाजू उचलून मागचं चाक काढायचं आणि तिथे मोकळं झालेलं पुढचं बसवायचं. मग पुन्हा पुढे येऊन स्टेपनीच्या जागी मागचं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे जातात आणि मागचे डाव्या-उजव्या बाजू बदलून पुढे येतात. दोष शोधायचा असेल तेव्हा मात्र मी एका वेळी एकाच बाजूची पुढची-मागची जोडी हलवतो. चारही एकदम हलवली तर कोणी काय केलं हे कळत नाही. टायरवर बाण असेल तर त्याची दिशा पाळावीच लागते, म्हणजे बाजू न बदलता नुसतं पुढे-मागे.

चाक निघालं की हबचं तोंड पाहायचं. आमच्याकडे पावसाळ्यात तिथे गंज धरतो, आणि गंजाचा पापुद्रा हब आणि रिमच्या मध्ये अडकला की चाक नीट टेकत नाही. बॅलन्सिंग शून्य असलेलं चाकसुद्धा मग थरथरतं. तारेच्या ब्रशने तोंड घासायचं, चाक बसवायचं, नट आधी बोटांनी फिरवायचे, मग पान्याने समोरासमोरचे थोडे-थोडे आवळायचे. शेवटचा जोर गाडी खाली उतरल्यावर.

एक तक्रार नेहमी ऐकू येते: "टायर पुढे-मागे केले अन् तेव्हापासून आवाज येऊन राहिला." अदलाबदलीने आवाज तयार होत नाही. मागच्या टायरवर ओझं कमी, त्यामुळे शॉकअप थकला असेल तर तो खाचखळगे धरून, पायऱ्या पडल्यासारखा झिजत राहतो आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. तो पुढे आला की हाताखाली येतो. झीज आधीचीच असते, कळते आता.

दुसरं म्हणजे आमचं ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीचं रबर झिजण्याआधीच वाळतं. ज्यांनी कधीच अदलाबदल केली नाही, त्यांचे पुढचे टायर गोटा होतात आणि मागचे नक्षी शाबूत असूनही बाजूने तडकतात. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. भाजीवाल्याकडे मेथीची जुडी उलटून पाहणारी माणसं हे आकडे पाहत नाहीत.

समृद्धी महामार्ग आला आणि या गोष्टींना वेगळंच वजन आलं. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला उघडला. काँक्रीटचा सरळ रस्ता, कारला 120 ची मुभा, आणि तासन् तास एकच वेग. शहरात वर्षानुवर्षं लपून राहिलेला चाकाचा दोष तिथे पहिल्या अर्ध्या तासात वर येतो. अपघात वाढले तशी परिवहन खात्याने टायर तपासायला सुरुवात केली. मला ते फार योग्य वाटलं.

माझी मुलगी छत्रपती संभाजीनगरला नोकरी करते, ती याच रस्त्याने येते-जाते. मागच्या दिवाळीला घरी आली ती म्हणाली, "बाबा, शंभरच्या पुढे गाडी कापते." मी विचारलं, ब्रेक दाबल्यावरच का? तसं असतं तर ब्रेकची डिस्क वाकडी. नाही म्हणाली. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना जास्त, सोडला की कमी? तसं असतं तर आसाचा सांधा. तेही नाही. वळणावर गुणगुण वाढते? म्हणजे बेअरिंग. नाही. स्टेअरिंग हलतं का? जरा आठवून म्हणाली, "नाही, बसल्या जागी लागतं."

तिला चालवायला सांगून मी मागच्या सीटवर बसलो. शहराबाहेर वेग वाढला तशी डाव्या मांडीखाली बारीक, एकसारखी थरथर सुरू झाली. घरी येऊन डावीकडचं मागचं चाक पुढे आणलं, पुढचं मागे नेलं, पुन्हा तोच रस्ता. आता मांडी शांत होती आणि स्टेअरिंग तिच्या हातात हलत होतं. दोष त्या एकाच चाकात होता.

टायरच्या दुकानात चाक यंत्रावर चढलं आणि दोन्ही बाजूंना शून्य आलं. "काहीच नाही जी याच्यात," कारागीर म्हणाला, आणि त्याचं यंत्र खरंच बोलत होतं. मी त्याला चाक हळू फिरवायला सांगितलं आणि स्टुलावर हात टेकवून खडू टायरच्या नक्षीजवळ धरला. पांढरी रेघ एका वितीपुरतीच उमटली. तिथे टायर उंच होता. रबराच्या आतला तारांचा पट्टा सरकला होता आणि फुगा धरायला सुरुवात झाली होती. वजन सारखं, पण चाक गोल नाही. अशा चाकाला शिसाचे कितीही तुकडे ठोकले तरी उपयोग नाही. काँक्रीटचा रस्ता आणि कडेचे गट्टू यांच्या पातळीत फरक असला की तिथे चाक आदळतं. तसल्याच एखाद्या आदळण्याने हे झालं असावं. कारागिराने खडूच्या खुणेवर अंगठा फिरवला, मालकाला बोलावून दाखवलं आणि त्यालाही फिरवायला लावला.

मागचे दोन्ही टायर एकाच वयाचे होते, म्हणून दोन नवे घेतले. दुकानदार ते पुढे टाकायला निघाला होता, बहुतेक दुकानांत असंच करतात. मी मागे टाकायला लावले. पावसात झिजके पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ ओढ घेते, वेग सोडला की बरेचदा सावरते. मागचे घसरले तर गाडी गोल फिरते, आणि सावरायला वेळ मिळत नाही. दुकानदाराने हे ऐकून घेतलं, पण पटलं नसावं. मुलीला पटलं.

निघताना तिला सांगितलं, पन्नास-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळून पहा. वर्ध्याच्या पुढे पेट्रोल पंपावर थांबून तिने पाना लावला आणि लगेच फोन केला: मागच्या उजव्या चाकाचा एक नट थोडा फिरला, बाकी सगळे जागेवर, आणि एकशेवीसला सीटखाली काही लागत नाही.