पाऊण इंच

सुरुवातीलाच एक डिस्क्लेमर! माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या ज्या चुका सापडतील त्या माझ्या, आणि ज्या सापडणार नाहीत त्या मराठी विभागाच्या संपादिकाबाईंनी दुरुस्त केलेल्या. आमच्या शाळेत मराठीत बोललं की वाक्याला एक रुपया दंड असायचा. आठवीत मी एका दिवसात अकरा रुपये भरले होते. तो रेकॉर्ड बहुधा अजून अबाधित असावा.

तर विषय आहे भांडी. म्हणजे भांडी घासायचं मशीन. त्यातही त्याच्या आत येणारं पाणी आणि बाहेर जाणारं पाणी. हसू नका, माझे बावीस दिवस यात गेलेत.

आमचं घर डोंबिवलीत, एका जुन्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. चौथा मजला म्हणजे उन्हाळ्यात तवा, पावसाळ्यात गळती आणि बारा महिने कामाला माणूस मिळत नाही. नऊ वर्षं येणाऱ्या मावशींचे गुडघे गेल्या दिवाळीनंतर कुरकुरायला लागले. "ताई, तुमच्याकडे चढेपर्यंतच माझं निम्मं काम होतं," असं म्हणून त्यांनी हात जोडले. त्यांच्यानंतर दोघीजणी आल्या, त्या दुसऱ्या मजल्यावरच रमल्या. मग भांडी आईकडे आली.

आई शाळेत शिकवते. आधी तिच्या बोटांना भेगा पडल्या, मग लाल चट्टे आले, मग वह्या तपासताना पेन धरवेना. स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं, साबण आणि पाणी यापासून हात लांब ठेवा. (हे आईला सांगणं म्हणजे माशाला सांगणं.) आतून सुती आणि वरून रबरी असे दोन-दोन ग्लोव्हज आले. त्यात घाम येऊन चट्टे आणखी वाढले.

आता तुम्ही विचाराल, घरातली वीस वर्षांची धडधाकट मुलगी काय करत होती? घासली हो मी भांडी. बरोबर अकरा दिवस. बाराव्या दिवशी सबमिशन आलं. त्या रात्री मी जर्नलं लिहीत बसले, आई काही न बोलता मोरीशी गेली आणि नंतर तो विषय कोणीच काढला नाही. मी तर नाहीच.

अशात पुण्याच्या मामाने नवा फ्लॅट घेतला. तिथे ओट्याखाली भांडी घासायचं मशीन आधीच बसवलेलं होतं, म्हणून त्याचं जुनं, चाकांच्या स्टँडवरचं मशीन आमच्याकडे आलं. टेम्पोवाल्याने "चौथा मजला" ऐकताच भाव वाढवला. पन्नास किलोच्या आसपासचं ते धूड ड्राय बाल्कनीत आलं, तेव्हा बाबा म्हणाले, "प्लंबरला फोन करतो."

"प्लंबर कशाला? मी आहे ना!" इति मी. थर्ड इयर मेकॅनिकल. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ७८ मार्क!

लगेच हार्डवेअरच्या दुकानात गेले. काकांनी विचारलं, "मशीनच्या पायपाचा नट अर्धा इंची की पाऊण?"

अर्धा मला कळतो. पाव कळतो, कारण तो खाता येतो. पण पाऊण? मला वाटलं एकापेक्षा थोडं जास्त काहीतरी असणार. एवढा मोठा नट तर नव्हता! मी ठणकावून सांगितलं, "पाऊण नाही हो काका, साधा अर्धाच द्या." घरी येऊन बघते तर नट त्यावर नुसता खुळखुळतोय. चार मजले खाली, पुन्हा दुकान. काकांनी बिलाच्या मागे मोठ्ठं ३/४ लिहून दाखवलं.

"कितवीला आहेस?"

"इंजिनिअरिंगला. थर्ड इयर."

बिचारे हसले नाहीत. नळ अर्धा इंची, मशीनचा नट पाऊण इंची, म्हणून अर्धा-पाऊणचं पितळी अडॉप्टर दिलं, टेफ्लॉन टेप दिली आणि दोन रबरी वायसर हातावर ठेवून म्हणाले, "नळाकडे टेप लाव. मशीनच्या नटाला टेप लावू नकोस. तिथे पाणी आट्यांवर नाही, वायसरवर थांबतं." हे वाक्य आमच्या कुठल्याही टेक्स्टबुकात मला सापडलेलं नाही. टेप मी पहिल्यांदा उलटी गुंडाळली, त्यामुळे अडॉप्टर पिळताना ती सुटून बाहेर आली. दुसऱ्या खेपेला आट्यांच्या दिशेने गुंडाळली आणि गळती थांबली.

आता सांडपाण्याचा पाइप. बाल्कनीच्या कोपऱ्यात नहाणी आहे. मी तो पाइप जमिनीवरून नेऊन नहाणीत दोन फूट आत खुपसला आणि झुरळं येऊ नयेत म्हणून भोवती चिंधी कोंबली. कामाची सफाई बघून माझा मलाच अभिमान वाटला.

मशीन सुरू केलं. पाणी येण्याचा आवाज येतोय, येतोय, येतच राहतोय... आणि दहाएक मिनिटांनी पीं पीं पीं! नळाच्या चित्राचा दिवा लाल. म्हणजे पाणी नाही. अहो, इतका वेळ येत होतं ते काय मग? सकाळी तेच, रात्री तेच. आई दार लोटून आत गेली आणि ग्लोव्हज चढवले.

तीन दिवस मी नळाकडच्याच बाजूला डोकं खुपसून बसले होते. पाइप जिथे मशीनला जोडतात तिथे एक बारीक जाळी असते. ती पकडीने ओढून काढली तर त्यात गंजाचे कण आणि टेफ्लॉनच्या चिंध्या (माझ्याच!). जुन्या ब्रशने साफ केली, फरक शून्य. चौथ्या दिवशी झुरळासाठी चिंधी सारखी करायला वाकले तेव्हा नहाणीतून खळखळ ऐकू आली. मशीन तर अजून पाणी घेत होतं. मग सोडतंय कोण?

पाइप उपसून बादलीत धरला. एकीकडे पाणी आत शिरतंय आणि दुसरीकडे बादली भरतेय! सायफन! मशीन सुरुवातीला उरलंसुरलं पाणी पंपाने बाहेर फेकतं. त्या वेळी पाइप भरला, आणि त्याचं तोंड मशीनच्या तळापेक्षा खाली असल्यामुळे पंप थांबला तरी पाणी ओढलं जातच राहिलं. माशाची टाकी नळीने रिकामी करतात ना, तसं. मॅन्युअलमध्ये चित्रासकट लिहिलं होतं की पाइपाचं टोक जमिनीपासून ४० ते १०० सेंटिमीटर उंच हवं. ते पान मी "सोपं आहे" म्हणून उलटलं होतं.

पुन्हा काका. अडीच फूट लांबीचा, दीड इंची पीव्हीसी पाइप (दीड मला आता येतो). तो नहाणीवर उभा बसवून भिंतीला क्लँप मारला आणि सांडपाण्याच्या पाइपाची आकडी त्याच्या वरच्या तोंडात अडकवली, सैलसर, बाजूने हवा जाईल अशी. हवा शिरली की सायफन तुटतो. चिंधी फेकून दिली.

रविवारी सकाळी साडेसहाला मशीन पहिल्यांदा शेवटपर्यंत चाललं. आईने वाटी उजेडात धरून बघितली, नखाने कड खरवडली, आणि फक्त "हं" म्हणाली. आमच्या घरात हे सुवर्णपदक समजावं.

रात्री पीं पीं पीं.

पुढचा आठवडाभर हेच! सकाळी शहाणं, रात्री वेडं. तुम्ही म्हणाल, मग सकाळीच लावा. मीही म्हटलं. पण आईचा नियम आहे, खरकटी भांडी रात्री घरात ठेवायची नाहीत. आजीचा होता, तिच्या आईचा होता. लक्ष्मीचं मी मानत नाही, पण आई मानते, आणि ज्या मशीनसाठी तिला रात्री खरकटं ठेवावं लागेल त्या मशीनपेक्षा तिला चट्टे पत्करले असते. तसं ती बोललीही. मी तणतणले, "तुला बरं व्हायचंच नाहीये!" असलं काहीतरी लागट बोलले. ते इथे सविस्तर लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी एक लिटरचा मग आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन नळाशी बसले. सकाळी सहाला मग चौदा सेकंदांत भरला. रात्री दहाला पस्तीस! मग टेप घेऊन गच्चीवर गेले. आमच्या नळापासून टाकीच्या बुडापर्यंत उंची ३.२ मीटर, आणि टाकी भरलेली असताना आत पाणी १ मीटर. एकूण ४.२. ρ, g आणि h चा गुणाकार तुम्हा सगळ्यांना येतो: साधारण ४१ हजार पास्कल, म्हणजे ०.०४१ मेगापास्कल. मॅन्युअल म्हणतं, किमान ०.०४. काठावर पास! रात्री टाकीच्या तळाशी वीतभर पाणी उरतं, तेव्हा दाब ०.०३३ वर. चाळीसला पासिंग असताना तेहतीस. केटी.

(मशीनमधला व्हॉल्व्ह पाण्याच्याच जोराने रबरी पडदा उचलतो. जोर नसेल तर पडदा अर्धवट उघडतो, धार बारीक येते, आणि ठरल्या वेळात पाणी भरलं नाही की मशीन हार मानतं.)

गंमत बघा. ज्या चौथ्या मजल्यामुळे मावशी गेल्या, त्याच चौथ्या मजल्यामुळे मशीन चालेना. तळमजल्यावर दाब आमच्या तिपटीहून जास्त. तिथे आमचे सेक्रेटरी राहतात.

"काका, आमच्याकडे पाण्याचा दबाव कमी आहे."

"दबाव राजकारणात असतो. पाण्याला दाब म्हणतात."

चला, आणखी एक रुपया! पंप पहाटे साडेपाचला एकदाच चालतो, तो रात्री आठलाही थोडा वेळ चालवा, अशी माझी मागणी होती. "म्हणजे बिल दुप्पट!" काका म्हणाले. मी त्यांच्याच डायरीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं की पाणी तेवढंच, उंची तेवढीच, तर लागणारी वीजही जवळजवळ तेवढीच. एकदम चढवायचं ते दोन हप्त्यांत चढवायचं. काका बँकेतून रिटायर झालेत. म्हणाले, "ईएमआयसारखं?"

"हो, पण बिनव्याजी."

महिनाभर ट्रायल म्हणून परवानगी मिळाली. ती मिळाल्यावर समोरचे आजोबा दार उघडून म्हणाले, "आता रात्रीचा शॉवर लागेल का गं?" सतरा वर्षं ते बादलीने आंघोळ करत होते, आणि एकदाही कोणाला बोलले नव्हते.

पहिल्या रात्री आठला पंप चालला. पावणेदहाला मी मग लावला, सोळा सेकंद. (पावणेदहा कसे म्हणायचे तेही आता येतं.) भांडी रचली, बटण दाबलं. आई मागे उभी, ग्लोव्हज हातात तयार. पाणी भरण्याचा आवाज आला, थांबला, आणि आत फवारे सुरू झाले. आम्ही दोघी उगाचच कुजबुजत होतो.

"आता काय करायचं?"

"आता काही नाही. झोपायचं."

पण लोखंडी तवा आणि ॲल्युमिनियमची कढई मशीनमध्ये घालत नाहीत, तवा गंजतो, कढई काळी पडते. ती दोन्ही मोरीत होती. आईने एक ग्लोव्ह चढवला. मी तो तिच्या हातातून ओढून काढला आणि तिला आत जायला सांगितलं.

तवा मी घासला. हिशेबाने तो माझा बारावा दिवस. सबमिशन दुसऱ्या दिवशीच होतं, पण ते असो.