आमच्या घरातले नेट का तुटते

आमचे गाव खानापूर तालुक्यात विट्याजवळ आहे. आमच्याकडची पुष्कळ माणसे गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात असतात. गलाई म्हणजे सोनेचांदी गाळून शुद्ध करणे. माझे पप्पा कोईमतूरला आहेत. ते रात्री ९ वाजता दुकान बंद करून व्हिडिओ कॉल करतात.

माझी बहीण चिमी दिवाळीत रांगत होती. आता ती चालते. पप्पा म्हणाले, "मला तिचे चालणे दाखवा." पण ती उभी राहिली की नेट तुटायचे. असे तीनदा झाले. मग पप्पा साध्या फोनवर म्हणाले, "जाऊ दे, पुढच्या दिवाळीला बघीन." त्या रात्री आई लई वेळ भांडी घासत बसली. भांडी तर थोडीच होती.

आज्जी म्हणायची, "कंपनीवालं लबाड हाईत." मला पण तसेच वाटे. मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "आधी बघ, मग बोल. तार राउटरच्या पेटीपर्यंत येते. पुढे मोबाईलपर्यंत बिनतारी. कुठे तुटते ते शोध. बाहेरची तार तुटली तर पेटीवर लाल दिवा लागतो."

मी आठ दिवस वहीत लिहिले. लाल दिवा एकदाही लागला नाही. चार दिवस पेटीचे सगळेच दिवे विझून परत लागले. त्याच वेळी घरातला दिवा पण मिचकला. रात्री ९ ला नळाला पाणी येते आणि सगळी आळी मोटर लावते. आम्ही पण लावतो. मोटर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते, दाब पडतो आणि पेटी बंद होऊन पुन्हा सुरू होते. नेट यायला दोन-तीन मिनिटे जातात. तोवर चिमी झोपते.

बाकीच्या दिवशी दिवे चांगले हिरवे होते, तरी कॉल अडकला. हे काही कळेना. मग मी मोबाईल घेऊन घरभर फिरलो. सोप्यात तीन रेघा, माजघरात दोन, स्वयंपाकघरात एकच! आमच्या भिंती दगडी, हातभर जाड. त्यात चिमी वायर ओढते म्हणून आज्जीने पेटी पत्र्याच्या ट्रंकेमागे ठेवलेली. गुरुजींनी सांगितले होते, की १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात बिनतारी लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली. मी म्हणालो, "मग आमच्या भिंतीतून का जात नाहीत?" गुरुजी हसले. "त्यांच्या वाटेत तुझ्या आज्जीची ट्रंक नव्हती." पत्रा लहरींना अडवतो. दगडातून जाताना त्या अशक्त होतात.

माझे मामा साताऱ्याकडचे, कराडला वायरमन आहेत. रविवारी ते आले. त्यांनी पेटी माजघराच्या दारावर उंच टांगली आणि तिला लहान बॅटरी जोडली. मोबाईलवर नेटची दोन नावे दिसत होती, २.४ आणि ५. मामा म्हणाले, "५ चं जोरात पळतंय, पण भिंतीत दमतंय. आत २.४ लाव."

रात्री मोटरी लागल्या. दिवा मिचकला. पेटी चालूच! पप्पा स्वच्छ दिसत होते. पण चिमी उठेचना. पप्पांनी टाळ्या वाजवल्या, तशी ती उठली, तीन पावले चालली आणि तिने मोबाईल धरून लाल बटणच दाबले.

आज्जी म्हणाली, "आता कुणाला लबाड म्हणू?"

पप्पांचा लगेच परत कॉल आला. ते म्हणाले, "तीन पावले. मी मोजली."

– इयत्ता चौथी