बोरगावच्या अंगणातील तुळस

वर्ध्याला आपण कधी ना कधी आला असाल. निदान सेवाग्रामची बापूकुटी आणि पवनारचा धामकाठ पाहण्यासाठी. बोरगाव मेघे मात्र प्रवाशांच्या यादीत नसते. सावंगी मेघे, सिंदी मेघे यांच्यासारखेच हेही वर्धा शहराला इतके लगटून आहे की शहर कोठे संपले आणि गाव कोठे लागले, ते नवख्याला उमगत नाही. मी तेथे गेले ती मावशीला भेटायला.

मावशीचे वय ७८. गेल्या दोन वर्षांपासून तिची स्मृती हळूहळू विरत चालली आहे. आयुष्यभर जपलेली अंगणातील बाग हाच तिचा आता दिवसभराचा विसावा: तुळस, गवती चहा, अडुळसा, कढीपत्ता, कुंड्यांतील मेथी-पालक. या खेपेला पाहते तो तुळशीची पानगळ झालेली, कडा करपलेल्या. कढीपत्त्याची कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मावशी हातात झारी घेऊन उभी होती. ''उपाशी हायेत व बाई झाडं,'' ती म्हणाली.

उपाशी नव्हती, अजीर्ण झाले होते. मावसभावाने दबक्या आवाजात सांगितले की ती सकाळी गोमूत्र घालते, घातल्याचे विसरते, पुन्हा घालते. निंबोळी पेंड आणि चुलीची राख यांचेही तेच. विचारले तर म्हणते, ''मी कोठी देलं?'' त्याला झारी काढून घ्यावीशी वाटत होती, आणि धीर होत नव्हता. घरात असा रुग्ण असेल, तर ही घालमेल आपण जाणता.

सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी, कितीही दिले तरी चालेल, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. तो अर्धाच खरा. युरियात १०० भागांत ४६ भाग नत्र असते, शेणखतात जेमतेम अर्धा भाग. शिवाय ते जिवाणूंनी कुजवल्यावाचून मुळांना मिळत नाही. म्हणून चांगले मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत एखादी मूठ जास्त पडले, तरी झाड सोसते. पण गोमूत्र पातळ न करता ओतले की त्यातील क्षार मुळे जाळतात. ते किमान दहापट पाण्यात मिसळावे लागते. निंबोळी पेंडही कुंडीत चमचा-दोन चमच्यांपलीकडे नको.

राखेची गोष्ट खास आपल्या भागाची आहे. राखेत पालाश असते हे खरे; परंतु ती अल्कधर्मी असते, आणि वऱ्हाडची काळी माती मुळातच चुनखडीची व अल्कधर्मी. अशा मातीत राख वाढली की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. चहाबरोबर घेतलेली लोहाची गोळी अंगी लागत नाही, तसेच काहीसे. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, ही त्याची खूण. नत्र कमी पडले तर उलट होते, आधी खालची जुनी पाने पिवळी पडतात. पान कोणते पिवळे झाले, एवढे पाहिल्यावाचून झारी उचलू नये.

दुसऱ्या दिवशी मी वर्धा शहरात मगनवाडीला गेले. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे कार्य येथून चाले. जे. सी. कुमारप्पांची ही कर्मभूमी; मगन संग्रहालय १९३८ सालचे. सेवाग्रामला जाण्यापूर्वी गांधीजी येथेच राहत होते. त्याच काळात, १९३५ साली, 'हरिजन'मधून त्यांनी सर अल्बर्ट हॉवर्ड यांच्या इंदूर पद्धतीच्या कंपोस्टची ओळख वाचकांना करून दिली. पालापाचोळा आणि शेण यांचे थर, बेताचा ओलावा, अधूनमधून वरखाली करणे, सुमारे तीन महिन्यांत खत. त्या आवारात उभी असताना मला झारीचे उत्तर सुचले.

खत देण्याचे काम एकदाच करायचे असते. खत करण्याचे काम दहादा केले तरी बिघडत नाही. वाळलेली पाने आज चुरली, विसरून पुन्हा चुरली, तर ढीग अधिकच लवकर कुजेल.

परत येऊन आम्ही गोमूत्र, पेंड, राख कुलपात ठेवली. कुंड्यांतून एकदा भरपूर पाणी निथळू दिले, मग वरची माती सुकेपर्यंत काही नाही. पुढे मोठ्या कुंडीला महिन्यातून दोन मुठी गांडूळखत; ते मावसभाऊ देणार आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करणार. मावशीसाठी सावलीत भोके पाडलेला एक पिंप आणि शेजारी कडुनिंबाच्या वाळक्या पानांचे पोते. तीन वाटे सुका पाला, एक वाटा भाज्यांची देठे-साले. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. उंची अशी की खुर्चीत बसून हात पोहोचावा, वाकणे नको.

आपल्या घरी हे करणार असाल, तर वृद्धांच्या हाती ताजे शेण देऊ नका. हातमोजे घाला, कोरडे खत चाळताना नाकाला फडके बांधा, धनुर्वाताची लस कधी घेतली ते डॉक्टरांना विचारून ठेवा. ओला पाला पायवाटेवर मुळीच सांडू नये. या वयात घसरून पडण्याइतके वाईट काही नाही. पालेभाजी वाहत्या पाण्यात धुऊनच खावी.

सहा आठवड्यांनी मी पुन्हा गेले. तुळशीला नवे फुटवे आले होते. कढीपत्ता अजून रुसलेला होता, चुनखडीच्या मातीत त्याला वेळ लागणारच. मावशी खुर्चीत बसून पाने चुरत होती.

''हे पानं कोणी आणून ठेवले व इथं?'' तिने विचारले.

मी सांगितले. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारले. हात मात्र थांबला नव्हता.