नवसागराचा धूर

नवसागराचा धूर आधी डोळ्यांना झोंबतो, नाकाला तो नंतर कळतो. तिखट, जरासा आंबट, घशाशी येऊन अडणारा. पिशोरच्या आठवडी बाजारात अद्रकीच्या पोत्यांचा ओला, मातकट वास जिथे विरळ व्हायचा तिथे हा सुरू व्हायचा, आणि आजीच्या मागे डोक्यावर तपेलं घेऊन चालताना कल्हईवाला मला दिसण्याआधी वासानेच सापडायचा. अजूनही थंडीच्या सकाळी कुठे तसलं काही जळाल्याचा भास झाला की पाय थबकतात. मग काहीच नसतं. कुणीतरी प्लास्टिक जाळलेलं असतं.

जमिनीत खळगा करून त्याने भट्टी मांडलेली असे, भात्याची नळी मातीखालून कोळशात गेलेली. त्याचा पोरगा घंगाळात ओली वाळू टाकून आत उभा राही आणि कमरेला हिसके देत, टाचा घासत, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत राही, इतका तल्लीन होऊन की बाजाराचा गलका त्याच्यापर्यंत पोचतच नसावा. मला त्याचा फार हेवा वाटे. घासलेलं भांडं मग आगीवर चढायचं, सांडशीने गरगर फिरायचं, आणि पुरतं तापलं की म्हातारा चिमूटभर नवसागर आत फेकायचा. पांढरा लोट उठायचा. आजी पदर नाकाला लावायची. मी मात्र डोळे फाडून बघत राहायचो, कारण त्या धुरात कापसाचा बोळा फिरला की तांबं उघडं पडायचं. काळपट, हिरवट, विटकरी सगळं जाऊन आतून एक कोवळा गुलाबी रंग वर यायचा, नुकत्या जन्मलेल्या वासराच्या नाकपुडीसारखा ओलसर. पुरता डोळ्यांत भरायच्या आत त्यावर कथलाची कांडी टेकायची आणि पांढरी लाट काठापर्यंत चढायची. आजी मागून म्हणायचीच, "हात उचल रे बाबा, काळं पडतंय."

तापलेलं तांबं हवेतला प्राणवायू ओढून घेतं, बघता बघता त्यावर ऑक्साइडची काळी कातडी धरते आणि त्या कातडीला कथील चिकटत नाही. नवसागर उष्णतेने फुटतो, त्यातून निघणारं आम्ल ती कातडी खाऊन टाकतं. कथील तर 232 अंशांवरच वितळून तयार बसलेलं. म्हाताऱ्याचं सारं कसब ते एवढंच, आणि आजीची सारी घाईही त्यासाठीच.

तो गुलाबी रंग पुन्हा भेटला तो पुण्याकडच्या एका कारखान्यात, भाच्याकडे. तिथे रोहित्रांच्या गुंडाळ्यांसाठी तांब्याची पट्टी काढतात, अखंड, दिवसरात्र. यंत्राची करामत डेरेक ग्रीन नावाच्या इंग्रज तंत्रज्ञाची, 1970 नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांतली, आणि तीही ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणातली. एका जाड चाकाच्या कडेला खाच आहे. त्या खाचेत तांब्याचा रॉड शिरतो, चाक त्याला नुसत्या घर्षणाने ओढत नेतं, पुढे पोलादी अडसर उभा असतो. जायला वाट नाही म्हटल्यावर धातू तापतो, मऊ होतो आणि बाजूच्या डायमधून पट्टी होऊन बाहेर पडतो. बाहेरून आगीची एक ठिणगी नाही. मला ते चाक बघताना घंगाळात फिरणारा तो पोरगा आठवावा, यात नवल नव्हतं.

पण इथली खरी धडपड चाकाआधीची आणि डायनंतरची. रॉडवर काळपटपणा असला, कारखान्यातली ओल असली, आधीच्या यंत्राचं तेल राहिलं असलं, तर तेही धातूबरोबर आत दाबलं जातं. तांबं मऊ होतं, ऑक्साइड होत नाही. त्याचे तुकडे पट्टीत लांबच लांब ताणले जातात आणि त्यांच्या दोन्ही अंगांचं तांबं एकमेकांना कधी जुळत नाही. वरून पट्टी लख्ख. भाच्याने एक बाद तुकडा माझ्या नखाखाली धरला. त्यावर तांदळाच्या कणीएवढा फोड होता, आतून पोकळ. "हा काल नव्हता, मामा. भट्टीत शेकल्यावर वर आला."

म्हणून रॉड आत जाण्याआधी घासूनपुसून कोरडा करायचा, आणि डायमधून तप्त पट्टी निघाली की तिला हवा लागूच द्यायची नाही, बंद नळीतून थेट थंड करायची. नळीच्या पलीकडच्या तोंडाला मी उभा होतो. तिथे तो रंग संथपणे वाहत येत होता, येतच होता, आणि काळं पडतंय म्हणून ओरडायला कुणी नव्हतं. लहानपणी ज्याच्यासाठी डोळे चुरचुरेपर्यंत धूर सोसला ते असं फुकट, पोटभर बघायला मिळालं. आणि खरं सांगू? थोडं कंटाळवाणंही वाटलं.

नकळत हात पुढे गेला. "मामा, हात नका लावू!" घामातलं मीठ, कातडीचं तेल, सगळ्याचे डाग उठतात, तिथली पोरं हातमोजे घालूनच वावरतात. मला आमच्या कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेला दगडी यक्ष आठवला. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, कान्हदास, धंद्याने सोनार. धातूच्या माणसाने दगडावर नाव ठेवलं, तेही यक्षाच्या हातावर! इथे मात्र कुणाच्या बोटाचा ठसाही चालणार नव्हता, आणि ते बरोबरच होतं. पट्टीवर एक बारीक कूस राहिली तर तिच्यावर गुंडाळलेला कागद फाटतो, रोहित्रात वेढ्याला वेढा भिडतो. गावाकडे रोहित्र, म्हणजे आमची डीपी, जळाली की आम्ही लोडला शिव्या घालायचो, चोरलेल्या तेलाला घालायचो, आणि मक्याला पाणी द्यायची पाळी हुकली म्हणून रात्र रात्र जागायचो. इतक्या बारीक गोष्टीवरही डीपी उभी असते हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असतं?

मग भाच्याने रॉड जिथे तयार होतो ती भट्टी दाखवली. तांबं 1083 अंशांच्या वर, रसरशीत, आणि त्यावर चक्क लाकडी कोळशाचा जाड थर! हवा तांब्यापर्यंत पोचू नये, पोचलाच तर प्राणवायू कोळशाने गिळावा, म्हणून. एवढ्या काटे-पडद्यांच्या कारखान्यात तो बाजारातला कोळसा बघून माझा ऊर उगाच भरून आला. नाकाने सवयीने धूर शोधला, मिळाला नाही.

आजीची भांडी स्टील आलं तेव्हाच मोडीत गेलेली. तपेलं, घंगाळ, दोन्ही हंडे. मी भाच्याला म्हटलं, काय सांगावं, त्यातलंच तांबं फिरत फिरत तुझ्या या भट्टीत आलं असेल.

"नाही हो मामा," तो हसला. "इथे मोड घेतच नाहीत, शुद्ध तांब्याचा कॅथोडच लागतो. आणि आजीच्या भांड्यांना तर कल्हई होती. कथील शिरलं की तांब्यातून वीज नीट जात नाही."