तांबडा पट्टा

एका ओळीत, सारख्या अंतरावर चार सळया ठोकायच्या. कडेच्या दोन सळयांतून प्रवाह सोडायचा, मधल्या दोघींतला विद्युतदाब मोजायचा. अमेरिकेच्या फ्रँक वेनर यांनी 1915 साली मांडलेली ही रीत मी पाणी शोधायला वापरतो.

वैशाखात माती सळईला धरतच नाही, म्हणून प्रत्येकीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओततो. प्रवाह एकदा सुलट, एकदा उलट सोडतो. जमिनीचा स्वतःचाही थोडा दाब असतो, तो त्यात वजा होतो. परवा अंतर होतं 20 मीटर; दाब भागिले प्रवाह, म्हणजे रोध, 0.24 ओहम. दोन पाय, म्हणजे 6.28, गुणिले 20 गुणिले 0.24: जमिनीची रोधकता साधारण 30 ओहम-मीटर. ओली काळी माती दहाच्या आसपास, अखंड काळा पाषाण काही शे. सळया लांब नेऊ तसा प्रवाह खोल उतरतो, आणि आकडा उतरू लागला की शेतकऱ्याची नजर माझ्या वहीवरून हलत नाही.

कोरड्या पाषाणातून वीज जवळजवळ जात नाही. ती जाते भेगांतल्या पाण्यातून, त्यातल्या क्षारांमुळे. पण चिकणमातीतूनही जाते, आणि चिकणमाती आपलं पाणी बोअरला देत नाही. हे वाचलेलं होतं. कळलं मराठवाड्यातल्या एका शेतात. आकडा आठवर आला आणि मी छातीठोकपणे पॉइंट दाखवला. बोअरमधून उडाली तांबडी धूळ. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडणारी ती माती. म्हाताऱ्या मालकांनी ती तळहातावर घेतली, थुंकीनं भिजवली, अंगठ्यानं चोळली. लोण्यासारखी पसरली.

"साहेब, ही तर आमच्या जुन्या विहिरीतली. पट्टाच आहे तिथं."

विहीर दोनशे पावलांवर होती. मी तिकडे फिरकलोच नव्हतो. बोअरचे पैसे त्यांनी कर्ज काढून आणले होते.

आता मीटरची पेटी उतरवण्याआधी आसपासच्या विहिरी पाहतो. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेलं असतं. वर मुरूम, खाली पाषाण, मध्ये कुठे तांबडा पट्टा, सगळं काठावरून दिसतं. टेप सोडून पट्ट्याची खोली मोजतो आणि आलेखाच्या कागदावर पहिली रेघ त्याची मारतो.

परवा शेजारच्या विहिरीत पट्टा नव्हता. मुरूम खोलवर गेलेला, आणि एका भेगेतून मे महिन्यातही ओल झिरपत होती. मी घण उचलला तेव्हा या शेताच्या मालकांची नात मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन पहिल्या सळईपाशी उभी होती.